वैरी पाहिजे

त्या रविवारी आम्ही पाचव्या बाकावर बसलो नसतो, तर पुढचं काही म्हणता काही घडलं नसतं. चर्चमध्ये आमचा नेहमीचा बाक तिसरा. पण तिसऱ्या बाकावरचा पंखा बंद पडला होता आणि आमच्या सौभाग्यवतींना उकाडा सहन होत नाही, म्हणून आम्ही दोन बाक मागे सरकलो. माणसाचं वाटोळं व्हायला एवढं पुरतं.

पाळकसाहेबांनी त्याच दिवशी नवी टूम काढली. "नुसतं ऐकायचं, मान डोलवायची आणि घरी जाऊन जेवायचं, हे पुरे झालं," ते म्हणाले. "आता प्रत्येक बाकानं प्रभूची एकेक शिकवण घ्यायची. महिनाभर ती जगायची. आणि मग इथं पुढे येऊन सगळ्यांना अनुभव सांगायचा." पहिल्या बाकाला नम्रता मिळाली. दुसऱ्याला गुप्त दान. तिसऱ्याला, म्हणजे न्यायानं बघायला गेलं तर आम्हाला, आजाऱ्यांची विचारपूस. किती सोपं! दोन संत्री घेऊन जायचं, आता बरं वाटतंय ना म्हणायचं, आणि परत यायचं. चौथ्या बाकाला जिभेवर ताबा मिळाला. तिथं गायनमंडळाच्या प्रमुख बाई बसतात, त्यामुळे सगळं चर्च खोकलं. आणि पाचव्या बाकाला काय आलं? वैऱ्यावर प्रीती.

पाचव्या बाकावर आम्ही दोघं आणि भिंतीला टेकून झोपलेले एक आजोबा. म्हणजे भार सगळा माझ्यावर.

मी कामाला घाबरणारा माणूस नाही. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात हेडक्लार्क आहे. समोर आलेलं काम शिक्का मारून पुढे ढकलल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी येऊन बूट काढता काढताच मी बायकोला विचारलं, "अगं, माझा वैरी कोण?"

ती कांदा चिरत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचा?" नुसतं एवढंच. पण त्या 'तुमचा'मध्ये जे काही होतं, ते माझ्या वर्मी लागलं.

"का? मला वैरी असू शकत नाही?"

"अहो, तुमच्याशी वैर करायला सवड कोणाला आहे?" असं म्हणून ती पुन्हा कांद्याकडे वळली.

मी संध्याकाळपर्यंत आठवत बसलो. शाळेपासून सुरुवात केली. मला कोणी मारलेलं नाही, कोणी फसवलेलं नाही, कोर्टात खेचलेलं नाही. एकानंही माझं वाईट चिंतलं असेल असा पुरावा सापडेना. एरवी याला सज्जनपणा म्हणतात. पण महिन्याच्या शेवटी भर चर्चमध्ये उभं राहून, "मला वैरी नाही हो," असं सांगायचं म्हणजे सज्जनपणा नाही, नाचक्की आहे. जगात इतकी वर्षं काढली आणि कोणाच्या डोळ्यातसुद्धा खुपलो नाही!

संध्याकाळी घड्याळजींना सांगितलं. घड्याळजी आमच्या समोरच्या दारात राहतात. नाक्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बायको वारली, मुलगा लांबच्या गावी मोठ्या हुद्द्यावर. रोज दिवेलागणीला आमच्या दोन दारांच्या मधल्या जागेत दोन स्टुलं मांडून आम्ही चहा पितो, आणि रविवारी ते आमच्याकडेच जेवतात. माणूस हुशार, पण रागीट आणि भलता मानी. गल्लीच्या टोकाला एकानं दुसरं दुकान काढलं आहे, त्याचं नाव ते घेत नाहीत, 'सेलवाला' म्हणतात. "सेल बदलतो आणि स्वतःला कारागीर म्हणवतो!" हे वाक्य मी रोज एकदा तरी ऐकतो.

"वैरी नाही?" घड्याळजींनी बशी खाली ठेवली. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "अहो, असं कसं? वैरी काय बाजारात मिळतो? तो सांभाळावा लागतो, वाढवावा लागतो. माझा सेलवाला बघा, किती वर्षं जपलाय मी. हवा तर घ्या महिनाभर. परत मात्र द्या."

उसना वैरी नको, असं मी बाणेदारपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना गाठलं. ते मोटारसायकलला लाथ मारत होते, ती सुरू होत नव्हती. "साहेब, वैरीच नसला तर?" असं मी विचारलं. "शोधा, सापडेल!" ते घाईघाईत म्हणाले, आणि तेवढ्यात मोटारसायकल सुरू झाली. मला वाटलं, हा संकेतच आहे.

शोधता शोधता मला आठवलं की दोन वर्षांपूर्वी माझी बढती हुकली होती. ती साहेबांनीच अडवली असणार! दुसरं कोण अडवणार? वैरी सापडल्याच्या आनंदात मला रात्री छान झोप लागली. सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, मी तुम्हाला क्षमा केली."

साहेबांनी चष्मा काढला. "काय केली?"

"क्षमा. बढतीला माझं नाव तुम्ही अडवलंत, त्याबद्दल. माझ्या मनात राग नाही. उलट प्रीतीच आहे."

"कोणाची?"

"माझी. तुमच्यावर."

साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि दार उघडं ठेवून तिथंच उभा राहा म्हणून सांगितलं. चर्चमध्ये आम्ही हा शब्द दर रविवारी उच्चारतो, कोणी दचकत नाही. कचेरीत त्याचा अर्थ वेगळा होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मी अडवलं तुमचं नाव?" साहेबांचा आवाज चढला. "अहो, तुमचं नाव वर पाठवणारा मी एकटा होतो! वरच्यांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं, सज्जन माणूस आहे. आणि तुम्ही मला क्षमा करता? तुम्ही? मला?"

त्याच दुपारी माझी बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथं मी, कपाटं आणि वाळवी. मला धक्काच बसला. मी क्षमा केली होती, शिवी दिली नव्हती.

"चला, साहेब तरी वैरी झाले," बायको म्हणाली. "करा आता प्रीती."

मी प्रयत्न केला. देवाशप्पथ केला. पण तळघरात बसून साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की प्रीतीच्या जागी भलतंच काही वर यायचं. तेव्हा मी ठरवलं की हा वैरी फार जड आहे, आपण नवशिके. आधी एखादा हलका वैरी घ्यावा, हात बसवावा, मग साहेबांकडे वळावं.

हलका वैरी म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी नजरेत भरले. त्यांनी सगळ्या इमारतीच्या कचऱ्याचा पिंप माझ्या खिडकीखाली ठेवला आहे. मी जिन्यात त्यांना थांबवून, प्रीती हा शब्द कटाक्षानं टाळून, नुसती क्षमा केली.

सेक्रेटरींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "असं तोंडी चालत नाही," ते म्हणाले. "तुम्ही क्षमा केली म्हणजे मी गुन्हा केला, असं होतं. मी गुन्हा केला म्हणजे कमिटीनं केला. हे मान्य केलं तर कमिटी बरखास्त करावी लागेल. सबब, तुमची क्षमा आम्ही फेटाळून लावत आहोत."

"अहो, क्षमा कशी फेटाळता येईल? ती मी करून टाकली."

"मग मागे घ्या."

"मागे घेतली तर पुन्हा राग धरावा लागेल."

"तो तुमचा खाजगी प्रश्न. सभेत बोलू."

आणि खरोखरच सभा भरली! खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या. ज्या सभेला पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर चार माणसं येत नाहीत, तिला सगळी इमारत लोटली. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या आल्याच म्हणाल्या, "सेक्रेटरींना क्षमा आणि आम्हाला नाही? आम्ही काय कमी त्रास दिलाय?" त्यांच्या यजमानांनी त्यांना खाली बसवलं. वर राहणारे कंत्राटदार म्हणाले, "हा मोठेपणा आहे मोठेपणा! क्षमा करणारा वर आणि आपण सगळे खाली." बघता बघता सगळी सभा माझ्यावर घसरली. मी घामाघूम झालो.

तेव्हा माझ्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला. घड्याळजी. "गप्प बसा सगळे," ते गरजले. "मी या माणसाच्या समोर राहतो. याच्या मनात कोणाबद्दल कधी काळंबेरं नसतं. डोकं थोडं कमी असेल, पण मन आरशासारखं आहे. मी ग्वाही देतो."

माझा ऊर भरून आला. तिथंच सभा संपली असती तर किती बरं झालं असतं! पण सेक्रेटरी मुरलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग हेडक्लार्कसाहेब, क्षमा काय ती आम्हालाच? तुमच्या या मित्राला केलीत का कधी?"

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? मित्राला कशाला क्षमा, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मला वाटलं, आपण पक्षपाती ठरू. माझ्या तोंडून निघून गेलं, "केली की. त्यांनाही केली."

घड्याळजी अजून उभेच होते. ते वळले. "मला? कशाबद्दल?"

कशाबद्दल, ते मलाही ठाऊक नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आठवलं, आठवलं, आणि मला आमचं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. ते बंद पडलं होतं तेव्हा घड्याळजींनी ते सगळं खोलून दुरुस्त केलं, पैसा घेतला नाही. तेव्हापासून ते पुढे धावतं. दर रविवारी चर्चला निघताना मी ते बरोबर लावतो, आणि सोमवारी कचेरीत पोचतो तर झाडूवालासुद्धा आलेला नसतो. मी घड्याळजींना हे कधी बोललो नाही. घड्याळ पुढे गेलं तर जावो, माणूस दूर जाऊ नये.

इतकी वर्षं जे बोललो नाही, ते मी भर सभेत बोललो.

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या हातचं घड्याळ पुढे जातं?" त्यांनी हळू विचारलं. "आणि तुम्ही ते क्षमा करत आलात? इतकी वर्षं?" मी काही बोलायच्या आत ते जिना चढून गेले. मग मागून कंत्राटदार म्हणाले, "तरीच! माझं मनगटी घड्याळपण हल्ली मागं पडतंय."

झालं. दुसऱ्या दिवशी निम्मी इमारत घड्याळं घेऊन नाक्यावर. कोणाचं पुढे, कोणाचं मागे, मास्तरीणबाईंचं तर पाण्यात पडलेलं, तेही घड्याळजींच्या माथी. काहींनी परस्पर सेलवाल्याकडे नेली. संध्याकाळी घड्याळजी आमच्याकडे आले, माझ्याकडे न बघता भिंतीवरचं घड्याळ उतरवून काखेत मारलं आणि गेले. बायको एकदम, "अहो भाऊ, राहू दे ना ते," म्हणाली, पण ते थांबले नाहीत. त्यानंतर स्टूल एकच मांडलं गेलं. ते माझं. घड्याळजींचं दार बंद.

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं तर ते मटकन खुर्चीत बसले. "मी वैऱ्यावर प्रीती करा म्हणालो होतो," ते म्हणाले. "तुम्ही प्रीतीच्या माणसाला वैरी केलंत! हे उलटं कुठं लिहिलंय?" मग म्हणाले, "तुम्ही तिसऱ्या बाकावर जा बघू. आजाऱ्यांना भेटा." जरा विचार करून म्हणाले, "नको. तेही नको. तुम्ही नुसते घरी बसा."

घरी बसलो होतो तेव्हाच घड्याळजी पुन्हा आले. घड्याळ हातात. त्यांनी ते टेबलावर अलगद ठेवलं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"दोष सापडत नाही," ते बायकोला उद्देशून म्हणाले. "वहिनी, मी तीनदा खोललं. माझ्याकडे काट्याला काटा बरोबर चालतं. तुमच्याकडे पुढे जातं. म्हणजे दोष आहे, पण मला दिसत नाही. म्हणजे नजर गेली. हात गेला. घड्याळजीचा हात गेला की संपलं. दुकान सेलवाल्याला देऊन टाकलं. मुलगा कधीचा म्हणतोय तिकडे या. उद्या गाडी घेऊन येतोय."

ते गेले. दुकान सेलवाल्याला! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बायकोकडे बघितलं तर तिच्या तोंडावर पदर.

"अहो," ती म्हणाली, "ते घड्याळ पुढे जात नाही."

"म्हणजे?"

"मी करते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय करतेस?"

"काटा पुढे करते. तुम्ही न्हाणीघरात गेलात की बाहेर यायचं नाव नाही. दाढी करताना गाणी म्हणता. रोज साहेबांची बोलणी खाल, म्हणून मी घड्याळ पुढे करून ठेवते. तुम्ही मेले दर रविवारी ते बरोबर लावून ठेवता, मग मी सोमवारी उठून पुन्हा काटा सरकवते."

संसार केला तो हिच्याशीच ना, अशी शंका आली. "आणि हे तू सभेत का नाही बोललीस? ते घड्याळ घेऊन गेले तेव्हा का नाही बोललीस?"

"लाज वाटली. सगळ्या इमारतीसमोर काय सांगू, माझा नवरा घड्याळ दाखवल्याशिवाय हलत नाही? मला वाटलं भाऊ दोन दिवस रागावतील, मग येतील चहाला." आणि ती रडायलाच लागली. "मला काय माहीत ते स्वतःवरच उठतील!"

आम्ही दोघं तसेच समोर गेलो. दार उघडंच होतं. खोलीत खोकी, त्यावर दोऱ्या. ज्या टेबलावर चिमटे, भिंग आणि बारीक स्क्रू मांडलेले असायचे ते टेबल रिकामं. सगळी हत्यारं एका कापडात गुंडाळलेली.

बायकोनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, न्हाणीघरसुद्धा नाही. घड्याळजी एका खोक्यावर बसून ऐकत होते.

"दर सोमवारी?" त्यांनी विचारलं.

"दर सोमवारी, भाऊ."

"म्हणजे ते बरोबर चालत होतं."

"अगदी बरोबर. ह्यांनी लावलं की रात्रभर मिनिटाचाही फरक नाही."

घड्याळजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसताहेत, सुटलो. पण ते रडत होते. इतका मानी माणूस, बायको गेली तेव्हाही चारचौघांत न रडलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यासमोर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द योग्य बाजूनं उच्चारला.

"घड्याळजी, मला माफ करा."

त्यांनी डोळे पुसले. उठले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो राग चढत गेला, तसा राग मी सेलवाल्याच्या वाट्याला आलेलाही कधी पाहिला नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"नाही करणार माफ! भर सभेत माझ्या हुन्नराची लक्तरं काढलीत. माझं दुकान त्या सेलवाल्याच्या घशात घातलंत! ते आता परत मागायला जावं लागणार मला, त्याच्या दारात! आणि माफ करू? माफ केलं की मिटलं सगळं. मिटलं की मी उद्या गाडीत बसून जायला मोकळा. तिकडे कोण आहे माझं? मुलगा सकाळी जातो, रात्री येतो. दिवसभर मी रागावू कोणावर? भिंतीवर?"

बायको पदरानं डोळे टिपत होती ती थांबली. घड्याळजींनी आम्हाला ओलांडून टेलिफोन उचलला आणि आमच्यासमोरच मुलाचा नंबर फिरवला.

"हॅलो. हां, मीच. उद्या गाडी आणू नकोस. नाही, तब्येत ठणठणीत आहे. हात पण चांगला आहे, एकदम चांगला. यायला जमणार नाही, बाबा. इथं माझं भांडण चालू आहे. समोरच्यांशी." मग मला नीट ऐकू यावं म्हणून ते माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. "नाही रे, लवकर मिटेल असं दिसत नाही. बरीच वर्षं जातील."